गुर्जर मॅडमचा चौथा गट

गुर्जर मॅडमना 'कशा आहात?' असं विचारू नये, हे आमच्या कॉलेजात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळत असे. त्या रागवायच्या म्हणून नव्हे. त्या उत्तर द्यायच्या म्हणून.

जिन्यात कुणी भेटलं की आपण 'काय, कसं काय?' म्हणतो आणि समोरच्याचं 'मजेत' कानावर पडायच्या आत दोन पायऱ्या वर गेलेले असतो. मॅडम थांबायच्या. हातातली वह्यांची चळत कठड्यावर ठेवायच्या आणि खरोखर विचार करायच्या. मग म्हणायच्या, "सकाळी जरा उदास होते. आता नाही. पण भूक लागली आहे, त्यामुळे नक्की सांगता येत नाही." एवढं सांगून वह्या उचलायच्या आणि विचारायच्या, "तुम्ही?" या 'तुम्ही'ला सगळे घाबरत. कारण आपण 'मजेत' म्हटलं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे, "कशावरून?"

फक्त आमचे शिपाई, पांडूमामा, त्यांना रोज हा प्रश्न विचारायचे. त्यांना सकाळी सकाळी तेवढीच करमणूक.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी रोह्याच्या कॉलेजात मराठी शिकवायचो. राहायला पेणला, सकाळच्या गाडीने कासू, नागोठणे करत रोह्याला यायचो आणि दुपारी परत. मॅडम मिरजेच्या. मानसशास्त्र शिकवायला आल्या तेव्हा पंचेचाळिशीच्या असाव्यात. उंच, सडपातळ, हातमागाची साडी, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं पुरुषी घड्याळ. लग्न केलेलं नव्हतं. आई-वडील गेलेले. एक भाऊ होता, तो कुठे होता हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी सविस्तर सांगितलं असतं.

त्यांचा डबा खाण्याचा प्रकार मला बरेच दिवस कळला नव्हता. स्टाफरूममध्ये खिडकीशी बसून त्या डबा उघडायच्या, आत बघायच्या, झाकण लावायच्या आणि पेपर वाचायला घ्यायच्या. थोड्या वेळाने पुन्हा उघडून जेवायच्या. शेवटी मी विचारलंच.

"स्वतःच भरलेला असतो ना," त्या म्हणाल्या. "जरा वेळ गेला की दुसऱ्या कुणी भरून दिल्यासारखा वाटतो."

हे त्यांनी 'आज हवा दमट आहे' म्हणावं तशा सुरात सांगितलं. मी माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती घेतली आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं.

त्याच वर्षी त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. विषय होता आपल्या भागातल्या वेगवेगळ्या गटांमधल्या माणसांचं मानसिक स्वास्थ्य आणि सुखाची भावना. साध्या मराठीत सांगायचं तर कोण किती सुखी आहे ते मोजायचं. मिठागरातल्या बायका, पेणचे गणपतीचे कारागीर आणि नागोठण्याकडच्या कारखान्यातले शिफ्टचे कामगार, असे तीन गट त्यांनी ठरवले. प्रश्नावली इंग्रजीतून आलेली होती. ती मराठीत आणायला त्यांनी मला धरलं, आणि माझ्याकडे स्कूटर आहे हे कळल्यावर सोडलंच नाही.

प्रश्नावली मी अगदी मनापासून केली. 'गेल्या महिन्याभरात तुम्हाला प्रसन्न वाटले का?' हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं. ते घेऊन आम्ही एका रविवारी पेणच्या पलीकडे खाडीकाठच्या मिठागरावर गेलो. ऊन कडक होतं. टोपल्या वाहून थकलेल्या बायका बांधावरच्या झोपडीच्या सावलीत भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. मॅडम खाली मातीत बसल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"परसन्न?" एक म्हातारी म्हणाली. "ता देव व्हतं गो. आमी कशाला व्हऊ?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खाडीकडे बघितलं.

त्यांनी प्रश्न सोपा केला. "तुम्ही सुखी आहात का?"

यावर बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मग त्यांतल्या एका धीटशा बाईने उलटतपासणी सुरू केली. "तू कुठची गो बाय?"

"मिरजेची. आता रोह्याला असते."

"घरवाला काय करतो?"

"लग्न नाही झालं."

"लगीन नाय झाला? मंग आय-बापूस?"

"गेले दोघंही."

"मंग घरी कोन हाय?"

"कोणी नाही," मॅडम म्हणाल्या. प्रश्नाला उत्तर द्यायची सवयच होती त्यांना.

हसणं थांबलं. म्हातारीने आपल्या पुढ्यातली अर्धी भाकरी आणि त्यावरचा सुका जवळा मॅडमच्या हातावर ठेवला. मॅडम घरी अंडंसुद्धा आणत नसत. त्यांनी भाकरीकडे एकदा बघितलं आणि खाल्ली. मग धीट बाई म्हणाली, "हां, आता इचार काय ता." आणि त्यानंतर सगळ्या बायकांनी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं. लय बरा हाय. सगळा बरा हाय. निघताना म्हातारी म्हणाली, "आमाला काय दुख नाय, असाच लिही. तू नको वाईट वाटून घेऊ."

परतताना स्कूटरवर मागून मॅडमचा आवाज आला, "सगळी उत्तरं बाद."

"का? चांगली तर आली."

"त्या त्यांच्याबद्दल बोलतच नव्हत्या. माझी समजूत काढत होत्या."

मग शब्दांचा नाद सोडायचा ठरलं. चेहरे दाखवायचे, अगदी रडक्यापासून अगदी हसऱ्यापर्यंत पाच. ज्याला जो आपला वाटेल त्यावर त्याने बोट ठेवायचं. आता चेहरे करून घ्यायचे तर पेणसारखं गाव नाही. आमच्या आळीत बाळाभाऊ म्हणून कारागीर होते, त्यांच्याकडे मी मॅडमना घेऊन गेलो. बाळाभाऊंनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि पुढच्या आठवड्यात शाडूचे तळहाताएवढे पाच चेहरे फळीवर मांडून ठेवले.

पाचही चेहरे शांत, समाधानी आणि किंचित हसरे होते.

"यातला रडका कुठला?" मॅडमनी विचारलं.

"हा डावीकडचा."

"हा तर हसतोय."

बाळाभाऊंनी तो हातात घेऊन उजेडात धरला. "हसतोय खरा," ते म्हणाले. "पण बाई, मनातून रडतोय."

त्यांनी आणखी दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या खेपेला ओठ खाली वळवले, तर डोळ्यांत आशीर्वाद आला. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "तीस वर्षं या हाताला एकच वळण आहे. रडका देव आजवर कुणी मागितला नाय. तुम्ही दुसरीकडं बघा." याच बाळाभाऊंना नंतर मॅडमनी त्यांच्या स्वतःच्या सुखाबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "गणपतीच्या आधीचं सांगू की नंतरचं?" मॅडमनी दोन्ही लिहून घेतलं.

चेहरे अखेर आमच्या एका हौशी प्राध्यापकाने कार्डावर काढून दिले. त्यांतलं सगळ्यात दुःखी तोंड प्राचार्यांसारखं दिसायचं, त्यामुळे ती कार्डं कॉलेजात उघड्यावर काढता येत नसत.

कारखान्याचं प्रकरण आणखी निराळं झालं. परवानगी मिळाली, कॅन्टीनमध्ये टेबल मिळालं. पहिल्या शिफ्टची माणसं एकेक करून आली आणि प्रत्येकाने सगळ्यात हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. एकजण तर लांबूनच बोट दाखवून गेला. कंपनीने नाराज माणसं हुडकायला बाई पाठवली आहे, अशी बातमी मशीनमशीनवर पोचली होती. दुसरी शिफ्ट येईपर्यंत युनियनच्या लोकांनी विचार केला, की पगाराचा करार तोंडावर आलेला असताना सुखी दिसणं बरं नव्हे. दुसऱ्या शिफ्टने एकमुखाने प्राचार्यांवर बोट ठेवलं.

"पहिली शिफ्ट स्वर्गात आहे आणि दुसरी नरकात," मी म्हणालो.

"कॅन्टीन एकच आहे," मॅडम म्हणाल्या, आणि कागद आवरायला लागल्या. मग म्हणाल्या, "यांना घरी जाऊन विचारलं पाहिजे. चप्पल काढून बसलेला माणूस जरा खरं बोलतो."

त्यातले बरेच कामगार रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीला राहायचे. म्हणून आम्ही अष्टमीला जाऊ लागलो, आणि म्हणून एका शुक्रवारी दुपारी, एका कामगाराच्या घराला कुलूप बघून, मॅडमनी शेजारच्या घरी पाणी मागितलं. ते घर हन्नाबाई अष्टमकरांचं.

हन्नाबाई सत्तरीच्या, ठेंगण्या, नऊवारी नेसणाऱ्या. दाराच्या चौकटीला उजव्या अंगाला, यहुदी घरांत असते तशी, धर्मवचनांची एक लहानशी नळी तिरपी ठोकलेली होती. त्या आत-बाहेर करताना तिला बोटं लावून ओठांना लावायच्या. वडिलांचा तेलाचा घाणा होता, नवरा पोस्टात होता. आता नवराही नव्हता आणि घाणाही नव्हता. आजूबाजूच्या यहुदी घरांतली माणसं एकेक करून इस्रायलला गेली होती. त्यांची मशीद, म्हणजे प्रार्थनेची जागा, सणाला ठाण्या-मुंबईची मंडळी आली तरच उघडायची. मुलगा शामू बायकोपोरांसह तिकडेच होता. वाण्याच्या दुकानात त्याचा फोन यायचा, आणि वाण्याचं सगळं गिऱ्हाईक तो ऐकायचं.

मॅडमच्या गाइडनी मागे एकदा सुचवलं होतं, की मागे राहिलेल्या या माणसांचा एक चौथा गट करा, अभ्यासाला वजन येईल. पाणी पिऊन झाल्यावर मॅडमनी पिशवीतून कार्ड काढलं.

"यांतलं तुमचं तोंड कुठलं वाटतं तुम्हाला?"

हन्नाबाईंनी चष्मा लावला आणि कार्ड निरखलं. "माझं तोंड असं कधीच नव्हतं," त्या म्हणाल्या. मग मॅडमची अडचण ध्यानात येऊन म्हणाल्या, "सकाळी हे बगा, मधलं. कंबर दुखते. आता दुपारी त्याच्या खालचं. संध्याकाळी बत्ती लावली, शब्बाथ, आमचा पवित्र वार, लागला, की हे वरचं. मग परत मधलं. कुठलं लिवता?"

"सगळी लिहिते."

"लिवा. आनि तुमचं कुठलं?"

मॅडमनी विचार केला आणि एका तोंडावर बोट ठेवलं. कुठल्या, ते मला दिसलं नाही. हन्नाबाईंनी कार्ड आपल्याकडे ओढून घेतलं, पालथं ठेवलं आणि म्हणाल्या, "शुक्रवारी येत जा."

मॅडम शुक्रवारी जाऊ लागल्या. सुरुवातीला कागद घेऊन जायच्या. मग कागद पिशवीतच राहू लागले. मग पिशवीत कागदांच्या जागी लिंबं, आलं, कंबरेला लावायचं तेल असं काहीबाही दिसू लागलं. मी चौकशी केली तर म्हणायच्या, "गट लहान आहे. सखोल अभ्यास करावा लागतो." हन्नाबाई त्यांना आधी 'मास्तरीणबाई' म्हणायच्या. एकदा मी सोडायला गेलो तेव्हा आतून हाक आली, "ये गो कुमुद, दार उघडंच हाय." मॅडमचं नाव कुमुद आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

असं वर्षभर चाललं. मग शामूने आईला कायमचं घेऊन जायचं ठरवलं. तसं तो फोनवर म्हणाला, म्हणजे वाण्याच्या दुकानातून ते अष्टमीभर झालं. त्या शुक्रवारी हन्नाबाईंनी मॅडमना समोर बसवलं. मीही होतो.

"तुम्ही एवढ्या मानसांना सुख इचारत फिरलात," त्या म्हणाल्या. आज त्या 'तुम्ही' म्हणत होत्या. "मला सांगा. मी जाऊ का राहू? कुठं सुखी व्हईन?"

मॅडमनी पिशवी जवळ ओढली. "ते मला सांगता येणार नाही."

"का?"

"तो माझा विषय नाही."

"मग कुनाचा विषय?" हन्नाबाईंनी विचारलं.

मॅडमनी उत्तर दिलं नाही. प्रश्न विचारल्यावर त्या गप्प बसल्याचं मी प्रथमच पाहत होतो. पुढचे काही दिवस त्या स्टाफरूममध्ये पेपर उलटा धरल्यासारख्या बसायच्या. शेवटी मी म्हणालो, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते सांगून टाका ना."

"मला वाटतं त्यांनी राहावं."

"मग तसं सांगा."

"तसं सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "ते माझ्या सोयीचं आहे."

त्या पावसाळ्यात एकदा कुंडलिका नदीचं पाणी अष्टमीच्या खालच्या आळीत शिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूल मोकळा झाल्याबरोबर मॅडम चिखल तुडवत गेल्या. हन्नाबाई खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, मांडीवर भिजलेल्या तांदळाने भरलेलं सूप. घाबरल्या नव्हत्या. शेजाऱ्यांनी चहा दिला होता. पण रात्रभर त्या तशाच बसून होत्या, आणि उतरायला त्यांना मॅडमच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. मॅडमनी आधी घर झाडलं, पुसलं, तांदूळ पसरले. मग म्हणाल्या, "तुम्ही जा. मुलाकडे जा."

"नक्की?"

"नक्की."

हन्नाबाईंनी पुढे काही विचारलं नाही. दिवाळीनंतर शामू येऊन त्यांना घेऊन गेला. किल्ली त्यांनी मॅडमकडे दिली. "म्हयन्यातनं एकदा दार उघडा. वारा लागू दे," म्हणाल्या.

मॅडम दर शुक्रवारी दार उघडायला जाऊ लागल्या. मी म्हटलं, "महिन्यातून एकदा ना?"

"दमट हवा आहे," त्या म्हणाल्या.

अभ्यास मात्र थांबला. गाइडची पत्रं यायची ती न फोडता टेबलावर पडून राहायची. एक दिवस जिन्यात पांडूमामांनी नेहमीसारखं विचारलं, "काय मॅडम, कशा आहात?" मॅडम म्हणाल्या, "बरी आहे," आणि सरळ वर निघून गेल्या. पांडूमामा धावत स्टाफरूममध्ये आले. "सर, मॅडमना बगा जरा. काय तरी झालंय. बरी हाय म्हनाल्या."

त्या दिवशी स्टाफरूममधल्या आम्ही चौघांनी आळीपाळीने त्यांना आपापल्या डब्यातलं दिलं. त्यांनी सगळ्यांचं घेतलं. मीठ कमी-जास्त असल्याचं कुणालाच सांगितलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला, परीक्षा चालू असताना, कॉलेजच्या फाटकाशी एक टॅक्सी थांबली. मुंबईहून आलेली. टपावर दोन बोजड बॅगा, आणि मागच्या सीटवर स्वेटर घातलेल्या हन्नाबाई. पांडूमामांनी मॅडमना वर्गातून बोलावून आणलं. मी फाटकाशीच होतो.

हन्नाबाई खाली उतरल्या नाहीत. काच खाली करून म्हणाल्या, "तुमचं चुकलं, बाई."

"काय झालं? शामू नीट वागला नाही?"

"शामू चांगला. सून चांगली. पोरं सोन्यासारखी. सगळी सकाळी जातात ती संध्याकाळी येतात. दिवसभर घरात मी आनि मांजर. ते पण माझं ऐकत नाय, त्याला हिब्रू लागते." त्यांनी स्वेटरची बटणं काढायला घेतली. "शब्बाथची बत्ती लावली की दाराकडं बघत बसायची मी. सून म्हनायची, आई, सगळे घरातच हायत की. आता तिला काय सांगायचं?"

हन्नाबाईंनी पुन्हा बजावलं, "तुमचं चुकलं."

"हो," मॅडम म्हणाल्या. "चुकलं."

"मग आता?"

"आता मी काही सांगणार नाही."

"नका सांगू. गाडीत बसा."

मॅडम टॅक्सीत बसल्या. राहिलेल्या पेपरची देखरेख मी केली.

पावसाळा लागायच्या आधी मॅडमनी रोह्यातली खोली सोडली आणि त्या अष्टमीला हन्नाबाईंकडे राहायला गेल्या. गावात थोडी कुजबुज झाली, पण तीही दोघी जेवतात काय याचीच. ती शंका रास्त होती. हन्नाबाईंना खवल्यांचीच मासळी चाले, आणि मटण असेल त्या जेवणात दही-दूध चालत नसे. मॅडमना मटण-मासळी दोन्ही चालत नसत, आणि चतुर्थीला तांदूळ चालत नसे. दोघींचे नियम पाळून जे उरेल ते त्या जेवायच्या. त्यात नारळ बराच असायचा. आणि मॅडमचा डबा आता हन्नाबाई भरायच्या. तो मॅडम उघडल्याबरोबर जेवायच्या, आणि तिखट फार आहे म्हणून तक्रार करायच्या.

अभ्यासही पुन्हा सुरू झाला. गाइडशी वाद झाले. त्यांना निष्कर्ष पाहिजे होते, की कुठला गट सगळ्यात सुखी आहे. मॅडमनी एक अख्खं प्रकरण लिहिलं ते वेगळ्याच गोष्टीवर. माणूस विचारणाऱ्याकडे बघून उत्तर देतो. एकाच माणसाला दुसऱ्यांदा विचारलं तर तो मागच्या वेळी काय सांगितलं ते आठवून सांगतो. आणि मिठागरावरच्या बायका समोरची बाई एकटी दिसली तर स्वतःचं दुःख लपवतात. हे सगळं त्यांनी कोष्टकांसकट लिहिलं.

तोंडी परीक्षेला मी सोबत म्हणून गेलो होतो. बाहेरून आलेले परीक्षक सज्जन होते. त्यांनी प्रबंधाची पानं चाळत विचारलं, "तुमच्या मूळ आराखड्यात चौथा गट होता. यहुदी समाजाचा. तो का वगळला?"

"त्या गटातल्या बाईंच्या घरी मी राहते," मॅडम म्हणाल्या.

"मग तर माहिती मिळणं सोपं झालं असेल."

"माहिती भरपूर आहे. पण मी आता त्यांना मोजायला बसले, तर त्या मला स्वयंपाकघरातून हाकलतील."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुढचा प्रश्न विचारला. पदवी मिळाली. कॉलेजने सत्कार केला, त्यात प्राचार्य मॅडमच्या संशोधनाबद्दल बोलताना फार गंभीर झाले, आणि मागच्या रांगेतल्या ज्यांनी ती कार्डं पाहिली होती त्यांना खाली माना घालाव्या लागल्या.

नंतर मला पेणलाच नोकरी मिळाली आणि रोह्याचं जाणं-येणं सुटलं. दशक संपत आलं असताना एकदा, दुपारच्या वेळी, पेणच्या एस.टी. स्टँडवर त्या दोघी दिसल्या. मॅडमच्या दोन्ही हातांत पोह्यांच्या पिशव्या. हन्नाबाईंच्या हातात काही नव्हतं. त्या पुढे चालत होत्या आणि मागे वळून सूचना देत होत्या.

"काय मास्तर!" हन्नाबाईंनी मला ओळखलं. "रविवारी या. मलीदा हाय आमच्याकडं. पोहे पेनचेच पायजेत म्हनून हिला आनलं."

मलीदा म्हणजे त्यांच्यातलं नवसाचं. भिजवलेले पोहे, गूळ-नारळ, फळं, आणि एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना. मी विचारलं, "कसला नवस?"

"गेल्या पावसात ही तापानं पडली. पंधरा दिवस डोळा उघडत नव्हती. तवा बोलले, हिला उठू दे, मलीदा करीन."

"डॉक्टरांच्या गोळ्यांनी उठले," मॅडम म्हणाल्या. "मी यांना हे अनेकदा सांगितलं आहे."

"मी कुठं नाय म्हनते? डॉक्टरला पन ताट धाडनार हाय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी शास्त्रीय मुद्दा मांडावा असं त्यांच्या मनात आलं असावं. पण रोह्याची गाडी लागली आणि हन्नाबाईंना पायरीवर पाय ठेवूनसुद्धा चढता येईना. वय झालं होतं. मॅडमनी पिशव्या माझ्याकडे दिल्या, मागून त्यांच्या कंबरेला हात लावला आणि त्यांना वर घेतलं. मी खिडकीतून पिशव्या आत दिल्या.

गाडी सुटायला वेळ होता. ड्रायव्हर चहाला गेला होता. मी समोरच्या कट्ट्यावर उभा राहिलो. हन्नाबाई काही वेळ बोलत होत्या, मग त्यांची मान हळूहळू कलली आणि मॅडमच्या खांद्यावर येऊन टेकली. मॅडम तशाच ताठ बसून राहिल्या. पिशवी मांडीवरून घसरत होती, ती त्यांनी गुडघ्याने अडवली, पण खांदा हलू दिला नाही. घाम टिपायला पदरसुद्धा उचलला नाही.

एवढ्यात कंडक्टर आपला चिमटा दांड्यावर आपटत, "चला, तिकीट बोला, तिकीट!" असं ओरडत पुढून आला. मॅडमनी त्याच्याकडे फक्त बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. कंडक्टर थांबला. त्याने चिमटा खिशात टाकला, खाली वाकला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कुठं?"

"अष्टमी," मॅडम कुजबुजल्या. "दोन."